ऊन उतरलं की

"पहिल्या भागात स्पेस स्टेशनला भोक पडतं, मित्रांनो. आणि दुसऱ्या भागात काय होतं? एक बाई केळी सुकवते!"

क्लेटन मोबाइलकडे बघून हातवारे करत होता. मोबाइल स्टँडवर आणि स्टँड आजीच्या ओट्यावर. चंदनसारच्या फ्लॅटमध्ये शेजारचं बांधकाम सतत ठोकत असतं, म्हणून रिव्ह्यू बोलायचा झाला की तो आजोळी यायचा. आज त्याच्यासमोर 'चौथी कक्षा' ही मालिका होती आणि ती लिहिणारी त्याची मामेबहीण ॲनिशा दोन हातांच्या अंतरावर, पायरीवर बसून राजेळी केळी सोलत होती.

"थांबू नकोस, बोल," ॲनिशा मान वर न करता म्हणाली. "प्रोड्युसरचंही तेच म्हणणं आहे. तो सीन कापून भाग पुन्हा टाकायचाय. संध्याकाळी फोन करणार आहेत. मी हो म्हणून मोकळी होते."

अँजेलिनाबाई खुर्चीत बसल्या होत्या. जेवणानंतर चष्मा लावून त्यांनी दोन्ही भाग पाहिले होते. मग अंगणात वाळत घातलेली केळी परतायला जाऊन आल्या होत्या आणि दुसरा भाग पुन्हा पाहिला होता. कसा वाटला ते कोणी विचारलं नव्हतं. ॲनिशाने तर मुद्दामच नाही.

"हिची ही जीना स्टेशनवर इंजिनिअर आहे," क्लेटन पुढे म्हणाला. "घरून आणलेली केळी खिडकीपाशी जाळीत अडकवते. ठीक आहे, उडू नयेत म्हणून. पण स्टेशन पृथ्वीला दीड तासात फेरी मारतं. म्हणजे दर दीड तासाला सूर्य बुडतो. आणि दर वेळी ही बया हातातलं काम टाकून येते आणि केळी झाकते! सूर्य उगवला की उघडते. पुन्हा बुडाला की पुन्हा झाकते. अरे, वर दव पडतं का? लॉजिक कुठंय?"

"दव नाही हे तिला ठाऊक असेल ना?" अँजेलिनाबाईंनी विचारलं.

क्लेटन वळला. "आजी, रेकॉर्डिंग चालू आहे."

"असू दे चालू. इंजिनिअर आहे, म्हणजे ठाऊक असणार. मग झाकते का?"

"तेच तर मी विचारतोय!"

"तू विचारत नाहीस, हसतोयस." बाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "माझं लग्न लागलं, वरात चर्चहून घरी आली. या इथं, दारात मी उभी. डोक्यावर फुलं, पायांत नवे बूट, टाचा सोललेल्या. बँड जोरात. आणि नवरीला आत घ्यायला सासू कुठंय? तर तिकडे, केळी वाळवायच्या माचावर. ऊन उतरलं होतं. सुक्या पानांखाली सगळी सुकेळी नीट झाकली, हात धुतले आणि मगच आली. तोवर बँड गप्प, पाहुणे गप्प. माझ्या आईचं तोंड असं झालेलं."

"बापरे! दव पडलं असतं म्हणून?"

"एप्रिल होता. दव कसलं पडतंय?"

ॲनिशाच्या हातातलं केळं अर्धं सोललेलं राहिलं होतं.

"हे मी तुला कधी सांगितलं होतं गं?" बाईंनी तिला विचारलं.

"नाही सांगितलंस, आजी."

"मग तू लिहिलंस कसं?"

"तुला बघत आले ना लहानपणापासून. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मग मोबाइलच्या बारक्या काचेकडे सरळ बघत म्हणाल्या, "भाग चांगला आहे. भोकाचा भाग मला कळला नाही, पण हा कळला. एकच चूक आहे. परतताना ती केळं देठाकडून धरते. तसं धरू नये, मोडतं. आणि वर रात्र अर्ध्या-पाऊण तासाची असेल, तर पोरगी झोपते कधी?"

क्लेटन हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "हे… माझ्याही डोक्यात आलं नव्हतं," तो म्हणाला.

ऊन नारळांच्या शेंड्यांवरून खाली घसरलं. बाई उठल्या. त्यांनी कोणाला हाक मारली नाही, पण त्या माचापाशी पोचल्या तेव्हा ॲनिशा पलीकडच्या बाजूला उभी होती. दोघी दोन टोकांकडून केळी गोळा करू लागल्या. नरम, मधाच्या रंगाची, बोटांना चिकटणारी.

ओट्यावर ॲनिशाचा फोन वाजला.

"प्रोड्युसर!" क्लेटन ओरडला. "घे पटकन, मोठा माणूस आहे!"

"हात चिकट आहेत. तू धर."

तो धावत आला आणि फोन तिच्या कानाशी धरला. ॲनिशाने पानांची एक घडी उलगडून केळ्यांवर पसरली.

"हो सर. नाही, सीन कापायचा नाही. हो, विचार करूनच सांगतेय. बाकीचं थोड्या वेळाने बोलू या? आत्ता नाही जमणार, सर. ऊन उतरलंय."

क्लेटनने घाबरून आजीकडे पाहिलं.

अँजेलिनाबाई शेवटचं पान दाबून बसवत होत्या.

"थांबेल," त्या म्हणाल्या. "बँडवालेही थांबले होते."