एवढंच गाणं

रविकिरणला रॅपच्या खाली लावायला एखादं जुनं, हळुवार गाणं पाहिजे होतं. उदगीरच्या घरात माळ्यावर त्याला आईची एक कॅसेट सापडली. जवळपास त्याच्याच वयाची. आईनं घरी बसून टेपरेकॉर्डरवर भरलेलं गाणं होतं. एक कडवं नीट झालं, दुसऱ्याच्या पहिल्या शब्दावर काहीतरी चिरकलं आणि खटकन सगळं बंद.

त्यानं त्यातली चिरकण्याला लागून असलेली शेवटची ओळ कापून घेतली, आवाज जरा वर चढवला, खाली बीट टाकला आणि ती ओळ फिरत ठेवली. सकाळपासून घरात तेवढंच वाजत होतं.

"एकच ओळ काय फिरवायलास रे," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "कान किटले. जाऊ दे की पुढं."

"पुढं हायच न्हाई, आई. टेप चिरकली अन् गाणं तुटलं. ते चिरकणं मी पुसून टाकलंय. ऐक, किती साफ झालंय."

आईनं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटली.

"दुसरं कडवं लई चांगलं होतं," ती म्हणाली.

"मग पुन्हा भरायचं होतंस की. टेप काय रोज चिरकते?"

तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि तिथंच खाली बसली.

"टेप न्हाई चिरकली, रवी. तू उठला होतास."