आपापल्या मालकिणी

वर्ष संपत आलं तशी पार्लरच्या मॅडमना एकदम कायद्याची आठवण झाली. केस कापणाऱ्या आम्हा चौघींना समोर उभं करून त्यांनी करखात्याचे कोरे फॉर्म नाचवले.

"अजून एकीनंही भरून दिलेला नाही! तुम्ही काही माझ्या नोकर नाही. स्वतंत्र व्यावसायिक आहात, आपापल्या मालकिणी! तुमच्या कराचं तुम्हीच निस्तरायचं. मी किती मागे लागू?"

"बरं मॅडम," मी म्हटलं, "त्यावर करकचेरीचा शिक्का लागतो. उद्या सकाळी जाऊन आणते."



मॅडमनी डोळे वटारले. "जाऊन आणते म्हणजे? आधी रजेचा अर्ज दे. मंजूर झाला तर जायचं. आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापणार, आत्ताच सांगते!"