खंडेनवमीचा फोटो

"वाच," गावाच्या पाणीपुरवठा ऑफिसचे साहेब दयानंद सर म्हणाले आणि टाइप केलेला कागद त्यांनी लुंबिनीच्या अंगावर फेकला. "आज हे ठाण्यात जातंय."

पोलिसांना लिहिलेली तक्रार होती. कंत्राटी ऑपरेटर लुंबिनी हिने नवमीला रजेवर जाताना पाणीवाटपाचे मेसेज मुद्दाम बंद पाडले, असं तीत होतं. बिलोलीला तलाठी म्हणून लुंबिनीची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. पोलिसांत नाव गेलं की दोन वर्षांचा अभ्यास चुलीत.

दारात बायका घागरी आपटत होत्या. या गावाला पाणी आठव्या दिवशी येतं. कुठल्या गल्लीची पाळी, ते रोज पहाटे पाचला ऑफिसातलं कॉम्प्युटरचं मशीन मेसेज करून कळवतं. दसऱ्यापासून पाच दिवस एकाही मोबाइलवर मेसेज नव्हता. पाणी आलं, कुणाला कळलं नाही, गेलं.

"ही ती पोरगी," सरांनी बायकांना बोट करून दाखवलं. "हिलाच विचारा."

"माझ्या घरात ओली बाळंतीण हाय," पुढे उभी असलेली साखराबाई कडाडली. "चार दिस झाले, लोकाच्या दारात पाणी मागून राहिले. तुला लाज कशी न्हाई गं?"

लुंबिनीने कागद टेबलावर ठेवला आणि मशीनपुढे बसली. मशीनवर अजून खंडेनवमीचा हार होता, झेंडू पार वाळलेला. वरच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकत होते. मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तिने हाताने चालवून पाहिली. साखराबाईच्या कमरेला खोचलेला मोबाइल लगेच वाजला.

"बघा!" सर ओरडले. "हातानं चालतं, म्हंजे बिघाड न्हाई. हिनंच बंद केलतं. नवमीलाच नागपूरला पळायची लई घाई होती बाईसाहेबांना. पूजेला थांब म्हणलं तर थांबली न्हाई."

घ्या! चाललं, तर तेही तिच्याच अंगावर आलं.

मशीन किती दिवसांपासून चालू आहे, ते तिने पाहिलं. दसऱ्याच्या दुपारपासून. त्याआधी दोन वर्षांत हे लिनक्सचं मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. ठरल्या वेळी स्क्रिप्ट उठवणारी क्रॉन नावाची सेवा निपचित पडली होती. मशीन बंद होऊन सुरू झालं की ती आपोआप उठावी, अशी सोय इथे नव्हती. तशी सोय करू द्या, असं लुंबिनीने दोनदा सांगितलं होतं. चालत्या मशीनला हात लावायचा नाही, असं सरांनी दोनदा दटावलं होतं.

तिने क्रॉन हाताने उठवली. उद्या पहाटेचा मेसेज आता जाणार होता. तिचं काय होणार, ते मात्र टेबलावरच्या कागदावर होतं. पूजेपायी बंद पडलं, असं तिने म्हणायचं? बुद्धविहारात जाणाऱ्या पोरीने, या बायकांपुढे? सर त्याचीच वाट बघत होते.

"सर," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या स्टेटसला पूजेचा फोटो लई भारी होता. ह्यांना दाखवा की."

सर पाघळले. फोन काढून त्यांनी साखराबाईपुढे धरला. पिवळाधमक हार, कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी हात जोडलेले सर.

"अशी भक्ती लागते, बाई. हिनं हात तरी जोडले का, विचारा."

साखराबाईने फोटो पाहिला. मशीनकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"साहेब, इथं हिरवे दिवे लुकलुक करून राहिले. फोटूत तर एक बी न्हाई."

"पूजेला मशीन बंदच ठेवतात. शास्त्र हाय ते. मीच बटन बंद केलं, दसऱ्याला मीच चालू केलं. त्यात काय?"

लुंबिनीने वाळलेला हार उचलला. खाली लाल शाईची तिची जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती. साखराबाईने एकेक अक्षर लावत ती मोठ्याने वाचली. "मशीन बंद करू नये. बंद केल्यास मेसेज जाणार नाहीत. लुंबिनीला फोन करावा."

सरांनी फोन खिशात घातला.

"पूजा चांगलीच हाय," साखराबाई म्हणाली. "मी बी माझ्या इळ्याची केली." तिने टेबलावरची तक्रार उचलली आणि सरांच्या हातात दिली. "कागद तर लिहूनच ठिवलाय, साहेब. निस्तं नाव बदला."