फळीवरचं नाव

"पाणी पी, जेरी," म्हणत गुणाजीने बाटली जखमी जर्मनाच्या तोंडाला लावली. जर्मन कुणीही असो, पलटणीत तो जेरीच. इटलीतल्या त्या खड्ड्यात, गोळ्यांच्या माऱ्याखाली दोघे सकाळपासून अडकले होते.

जर्मनाने छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. "असू दे रे जेरी, पडून राहा," गुणाजी म्हणाला आणि स्वतःचं सांगून मोकळा झाला. ते मात्र जर्मनाने घोकून पाठ केलं. "गुणाजी, गुणाजी" करतच संध्याकाळी त्याने जीव सोडला.

मारा थांबल्यावर सुभेदार कबरीवर लावायची फळी घेऊन आले. "याच्या गळ्यात बिल्लाही नाही. दिवसभर सोबत होतास ना? नाव काय याचं?"

गुणाजीने त्या जर्मनासारखाच छातीवर हात ठेवला. पण जिभेवर जेरीशिवाय काही येईना.