दिवा विझेपर्यंत

ऊसतोडीची यादी दोनदा पुसली गेली होती. आज तिसऱ्यांदा पुसली गेली, तर कारखान्याचा कॉम्प्युटर परत पाठवायचा, असं संचालकांनी ठरवून टाकलं होतं. मग कुणाचा ऊस आधी तोडायचा, ते पुन्हा जुन्या वहीत लिहिलं जाणार. वही संचालक श्रीपतरावांच्या ताब्यात असायची आणि त्यांचाच ऊस दरसाल पहिला तुटायचा. यंदा विहिरींना पाणी नव्हतं. उभा ऊस वाळत चालला होता.

कॉम्प्युटरच्या कामावर नेमलेली सुमन कांबळे यंत्रापुढं बसली. पाठीमागं सगळे संचालक उभे. यादी का जाते, ते तिनं हुडकून काढलं होतं. फ्लॉपीच्या तबकडीवर नावं उतरताना यंत्रावर तांबडा दिवा लागायचा. पुढची नावं जुळवायला यंत्र मधेच थांबलं, की दिवाही विझायचा. काम झालं समजून हेडक्लार्क कोंडिबा फ्लॉपी ओढून काढायचे आणि यादी जायची. महिनाभर शब्दकोश शेजारी ठेवून सुमननं यंत्राबरोबर आलेलं जाड इंग्रजी पुस्तक वाचलं. दिव्याला प्रोग्राममधून हुकूम देता येतो, हे तिला त्यात सापडलं. शेवटचं नाव उतरेपर्यंत विझायचं नाही, असा हुकूम तिनं कालच लिहिला होता.

तिनं बटण दाबलं. दिवा लागला. घरघर सुरू झाली, मिनिटभरानं थांबली. दिवा तसाच.

"झालं की! काढा ती तबकडी," म्हणत श्रीपतरावांनी स्वतःच हात पुढं केला.

"हात मागं घ्या, साहेब."

श्रीपतरावांशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आवाज थांबला न्हवं?"

"दिवा जळतोय. मी सांगितल्याबिगर तो आता विझत न्हाय."

"श्रीपतराव, बसा तुम्ही," चेअरमन धोंडप्पा म्हणाले.

घरघर पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. असं सातदा झालं. नऊ माणसं श्वास रोखून त्या मुगाएवढ्या दिव्याकडं बघत होती. मग तो विझला. सुमननं फ्लॉपी काढली, सगळ्यांना दाखवली, परत घातली आणि यादी छापायला लावली.

कागद खडखडत बाहेर आला. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याचं नाव आधी. धोंडप्पांनी चष्मा लावला.

"पहिलं नाव मथुराबाई सोनवणे, जळकोट. दोन एकर."

"आणि माझं?" श्रीपतरावांनी विचारलं.

सुमननं बोट खाली खाली नेलं. "चारशे बारावं, साहेब."

दाराशी उभे असलेले कोंडिबा खोकल्याचं निमित्त करून हसले.

दुपारी तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या फाटकाबाहेर पडल्या. सवयीनं बैल उजवीकडं, श्रीपतरावांच्या मळ्याकडं वळू लागले. पहिल्या गाडीवानानं कासरा आवळला आणि बैलांची तोंडं जळकोटच्या रस्त्याकडं फिरवली.