ताब्याची नक्कल

बहिणींनी अपील जिंकलं. पण दावा सुरू झाल्यापासून सीलबंद असलेलं आईचं घर उघडायला कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल लागणार होती. दोघी सकाळपासून नक्कल विभागात ठाण मांडून बसल्या. शेवटच्या पानावर शिक्का पडताच धाकटीने आनंदाने कारकुनाचा हातच धरला.

"अहो ताई, शाई ओली आहे!" तो हसत ओरडला.

बेलिफाला घेऊन त्या घरी पोहोचल्या, तेव्हा अख्खी गल्ली दारासमोर जमली होती.

"ताई, मोठ्याने वाच ना," धाकटी म्हणाली.

थोरलीने वाचलं, "घराचा ताबा अपीलकर्त्या भगिनींना देण्यात यावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीचे डोळे भरून आले.

हळूहळू लोक थांबले. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या घरातून येत होत्या.

बेलिफाने कुलपावरचं लाखेचं सील निरखून पाहिलं. ते शाबूत होतं.

"मागे दार आहे का?"

"नाही हो. आत जायला हीच एक वाट," थोरली पुटपुटली.

धाकटीने दाराला कान लावला. तिला हसू आवरेना. "ताई, आपल्यापेक्षा यांनाच जास्त आनंद झालाय गं!"

टाळ्या थांबल्या, आणि आतून कुणीतरी लगबगीने कडी काढली.