उपाशी दुपार

कमरेला लावलेल्या पंपातून इन्सुलिन किती वेगानं सोडायचं, हे ठरवायला डॉक्टरीणबाईंनी तीन दुपारी उपाशी राहायला सांगितलं. साखर स्थिर राहिली, म्हणजे वेग बरोबर. मला हसूच आलं. दिवेलागणीपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा तर माझा रोजचाच नेम.

तिन्ही दुपारी, ठीक एक वाजता, साखर चढली.

"आई, लपून खाल्लंत ना?" सून हळूच म्हणाली. "नेम मोडला तर मोडला, पण खरं सांगा. यावरून वेग वाढवला आणि मग एखाद्या दिवशी तुम्ही खरंच उपाशी राहिलात, तर साखर उतरून बेशुद्ध पडाल हो."

मी देवाची शपथ घेतली. तरी मान खालीच गेली, चोरी पकडल्यासारखी.

चौथ्या दुपारी मीच तिला समोर बसवलं. हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटून मनातल्या मनात नामजप सुरू केला. एक वाजला. पंपावरचा साखरेचा आकडा चढू लागला. एकशे चाळीस. एकशे सत्तर.

"बघ, जागची हललेसुद्धा नाही," असं सांगायला मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

सून पांढरीफटक पडली.

"आई," ती म्हणाली, "आधी तोंडातला घास गिळा."